आधी चेसिस नंबर विचारा, मग रंग

डीलरकडे गिऱ्हाईक बसतं विक्रीच्या टेबलासमोर, पण त्याची गाडी ठरते आतल्या खोलीत. कारखान्यातून निघालेली कुठली गाडी कुणाच्या नावावर टाकायची, याचा तक्ता तिथे भरतात. मी बरीच वर्षं तो तक्ता भरला. नंतर एका मालवाहतूक संस्थेसाठी गाड्या खरेदी करण्याचं काम केलं, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. गाड्यांची टंचाई सुरू झाली की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. ‘कुठली पिकअप घेऊ?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘मिळेल का, कधी मिळेल?’ हा पुढे येतो. या वेळी तीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, माझं लोखंडी गेट आणि जाळ्यांचं वर्कशॉप आहे. जुनी पिकअप आता फार दिवस साथ देणार नाही. नवी डबल कॅब, म्हणजे मागेही सीट असलेली, घ्यायची म्हणून तीन डीलरांकडे जाऊन आलो. पहिला म्हणतो दोन महिन्यांत देतो, दुसरा म्हणतो सहा महिने धरून चाला, तिसरा म्हणतो नक्की सांगता येणार नाही. पहिल्याकडे इसार भरून मोकळा होऊ का?

उत्तर : एवढ्यात नको. तिघांशी बोलून झालं, पण त्यांतली एक तरी तारीख कारखान्यातून आली आहे का, हे अजून तुम्हाला कळलेलं नाही.

टंचाईत डीलरच्या हातात गाडी नसते, कोटा असतो. कंपनी प्रत्येक डीलरला महिन्याला ठरावीक गाड्या वाटून देते. वाटपाचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात, पण त्या डीलरने आधी ते मॉडेल किती विकलं आणि आलेल्या गाड्या किती लवकर उचलल्या गेल्या, हे बहुतेक ठिकाणी पाहिलं जातं. त्यामुळे मोठ्या डीलरकडे गाड्या जास्त येतात आणि रांगही तेवढीच लांब असते. आडबाजूच्या छोट्या डीलरकडे महिन्याला एखादीच येते, पण कधीकधी पुढे दोनच नावं असतात.

म्हणून तारीख विचारू नका. असं विचारा : ‘हेच मॉडेल, हीच कॅब, हेच इंजिन, हाच गिअरबॉक्स. अशा गाड्या गेल्या तीन महिन्यांत तुमच्याकडे किती आल्या? आणि माझ्या पुढे किती नावं आहेत?’ महिन्याला चार येत असतील आणि पुढे बावीस नावं असतील तर साधारण सहा महिने, हे तुम्हीच तिथल्या तिथे काढू शकता. पहिला डीलर हे दोन आकडे द्यायला का-कू करत असेल, तर त्याचे ‘दोन महिने’ इसार घेण्यापुरते आहेत असं धरा. ‘सांगता येत नाही’ म्हणणारा कदाचित तिघांत सर्वांत खरं बोलणारा असेल. त्याच्याकडे पुन्हा जा आणि हेच विचारा.

प्रश्नात कॅब आणि गिअरबॉक्स मुद्दाम घातले आहेत. सिंगल कॅबच्या दहा गाड्या उतरल्या म्हणून डबल कॅबची रांग सरकत नाही. ऑटोमॅटिकची गाडी अडलेली असते तेव्हा त्याच इंजिनाची मॅन्युअल गाडी व्यवस्थित निघत असते, असंही होतं, कारण अडलेला भाग गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमधला असतो. तुम्हाला मॅन्युअल चालत असेल तर हे बोलून दाखवा. नुसत्या एवढ्यावरून महिनेच्या महिने वाचलेले मी पाहिले आहेत.

आता पावतीबद्दल. बुकिंगची पावती म्हणजे ऑर्डर नव्हे. पावती फाडली की नाव डीलरच्या वहीत चढतं. तिथून ती मागणी कंपनीच्या संगणकात जायला हवी, कंपनीने ती स्वीकारायला हवी. मग बांधणीचा आठवडा मिळतो, मग गाडी बनते, तपासणीतून सुटते आणि वाहतुकीला लागते. मी तक्ता भरत होते तेव्हा सगळ्यात जास्त भांडणं पहिल्या दोन पायऱ्यांमधल्या फटीत व्हायची. गिऱ्हाईक समजायचं की आपण चार महिने रांगेत आहोत, आणि इकडे मागणी कंपनीकडे गेलेलीच नसायची. म्हणून इसार भरल्यावर आठवड्याच्या आत कंपनीचा ऑर्डर क्रमांक मागा. डीलरचा पावती क्रमांक नव्हे, कंपनीचा.

त्यानंतरची खूण म्हणजे चेसिस नंबर. तो 17 अंक-अक्षरांचा असतो, आणि 1 व 0 यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं घेत नाहीत. हा नंबर तुमच्या नावापुढे लागला की तुमची गाडी कागदावर तरी वेगळी झाली. काही कंपन्या गाडी बांधायच्या आधी, बांधणीचा आठवडा ठरतानाच हा नंबर देतात. तेव्हा नंबर मिळाल्यावरही ‘गाडी बनली का, आणि आता नेमकी कुठे उभी आहे?’ हा प्रश्न उरतोच. तोही विचारायचा.

इसाराच्या कागदावर किंमत बुकिंगच्या दिवसाची की ताब्याच्या दिवसाची, हे स्पष्ट लिहून घ्या. मध्येच कंपनीने मॉडेलचं वर्ष बदललं तर मागणी आपोआप पुढच्या वर्षात जाते की रद्द होते, तेही लिहून घ्या. रद्द केल्यास किती पैसे परत आणि किती दिवसांत, ही ओळ नसेल तर सही करू नका. तोंडी शब्द देणारा विक्रेता सहा महिन्यांनी त्या खुर्चीवर असेलच असं नाही.

तिघांकडेही बुकिंग करून ठेवावं, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. मला तो पटत नाही. दहा माणसांनी तीन-तीन ठिकाणी नावं घातली की कंपनीला तीस गाड्यांची मागणी दिसते, खरी गरज कुणालाच कळत नाही आणि सगळ्यांचीच रांग फुगते. परत मिळणाऱ्या इसारावर फार तर दोन ठिकाणी नाव ठेवा, आणि एक गाडी नक्की झाली त्याच दिवशी दुसरीकडे कळवा. तुमच्यामागे उभ्या असलेल्याचंही काम त्या गाडीवर अडलेलं असतं.

प्रश्न : डीलर म्हणतो, चिप मिळत नाहीत म्हणून गाड्या नाहीत. पण चिप म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरची वस्तू. माल वाहणाऱ्या पिकअपला तिची एवढी काय गरज? डीलर किंमत वाढवण्यासाठी टंचाईचं नाव पुढे करतोय असं मला वाटतं.

उत्तर : किंमत वाढवणारे डीलर आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण टंचाई खरी असते, आणि ती कशी येते हे कळलं तर ती किती लांबेल याचा अंदाज तुम्हाला स्वतःला बांधता येईल.

आजच्या गाडीत हजाराच्या वर चिप असू शकतात. इंजिनात इंधन किती सोडायचं, ब्रेक लागताना चाक घसरू नये म्हणून दाब कसा कमी-जास्त करायचा, एअरबॅग कधी उघडायची, स्टिअरिंग किती हलकं ठेवायचं, काच वर-खाली करायची, ही सगळी कामं त्या करतात. मोबाईलची चिप अगदी नव्या तंत्राची असते. गाडीतल्या बहुतेक चिप जुन्या, पक्क्या झालेल्या तंत्राच्या असतात, कारण त्यांना उष्णता, थंडी आणि हादरे वर्षानुवर्षं सोसायचे असतात. जुन्या तंत्रात नफा थोडा, त्यामुळे त्यासाठी नवा कारखाना उभारायला सहसा कुणी पुढे येत नाही. दुखणं इथे आहे.

2020 च्या सुरुवातीला करोनामुळे गाड्यांची विक्री कोसळली आणि वाहन कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या. त्याच वेळी लोक घरात बसले. लॅपटॉप, टीव्ही, खेळाची यंत्रं यांची मागणी वाढली आणि मोकळी झालेली जागा त्यांनी घेतली. वर्षाच्या उत्तरार्धात गाड्यांना पुन्हा गिऱ्हाईक आलं तेव्हा वाहन कंपन्या रांगेच्या शेवटी होत्या. सिलिकॉनच्या चकतीपासून तयार चिपपर्यंत काही महिने जातात, त्यामुळे घाई करूनही हातात लगेच काही पडत नाही. त्यावर एकापाठोपाठ आघात झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात हिमवादळाने वीज गेली आणि ऑस्टिनमधले सॅमसंग, एनएक्सपी आणि इन्फिनिअन यांचे कारखाने बंद पडले. मार्चमध्ये जपानमधल्या नाका इथल्या रेनेसासच्या कारखान्याला आग लागली. वाहनांसाठी चिप बनवणारं ते एक मोठं ठिकाण. त्या उन्हाळ्यात मलेशियात साथ पसरली, जिथे चिप तपासून त्यांना वेष्टन घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर होतं. सप्टेंबर 2021 मध्ये टोयोटाने जगभरचं नियोजित उत्पादन सुमारे 40 टक्क्यांनी कमी केलं. पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि तिथे बनणाऱ्या वायरिंगच्या जुड्या थांबल्या. त्याने युरोपातले मोटारींचे कारखाने अडले.

पिकअपच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी घडली. अमेरिकेत पिकअपवर कंपन्यांना चांगला नफा मिळतो, म्हणून हाताशी असलेल्या चिप त्यांनी लहान मोटारींकडून काढून पिकअपकडे वळवल्या. तरीही पुरल्या नाहीत. फोर्डने हजारो गाड्या एखाद-दुसऱ्या भागाविना बांधून मोकळ्या मैदानांवर उभ्या केल्या. केंटकीतल्या मोटार-शर्यतीच्या मैदानाभोवती त्यांच्या रांगा लागल्या होत्या. 2022 मध्ये तर गाडीच्या पुढे लावायच्या निळ्या लंबगोल बिल्ल्याचाही तुटवडा झाला आणि त्यापायी काही ट्रक अडकले. चालू गाडी, बिल्ला नाही म्हणून थांबलेली! एवढा काठावरचा पुरवठा असतो.

हे करोनाबरोबर संपलं असंही नाही. 16 सप्टेंबर 2025 रोजी न्यूयॉर्क राज्यात ऑस्वेगो इथे नोव्हेलिसच्या अ‍ॅल्युमिनिअम कारखान्याला आग लागली. फोर्डच्या एफ-150 पिकअपचं अंग 2015 च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनिअमचं आहे, त्यामुळे थेट तिच्या उत्पादनावर घाव पडला. त्याच महिन्याच्या अखेरीस नेदरलँड्सच्या सरकारने नेक्स्पेरिया या चिप कंपनीवर नियंत्रण आणलं आणि ऑक्टोबरमध्ये चीनने आपल्याकडच्या तिच्या कारखान्यातून होणारी निर्यात अडवली. नेक्स्पेरियाचे भाग अगदी साधे आणि स्वस्त, डायोड आणि ट्रान्झिस्टर. पण होंडाला मेक्सिकोतला कारखाना त्यांच्यावाचून थांबवावा लागला.

तुमच्या उपयोगाचं सांगते. डीलरला ‘टंचाई का?’ असं मोघम विचारू नका, ‘अडलेला भाग कुठला?’ असं विचारा. बिल्ला, सीटचं कापड किंवा संगीताचा पडदा अडला असेल तर कंपनी पर्याय शोधते, गाडी आठवड्यांत सुटू शकते. इंजिनाच्या किंवा ब्रेकच्या कंट्रोलरची चिप अडली असेल तर पर्याय तपासून पक्का करायला महिने लागतात. आग किंवा पूर असेल तर तो कारखाना पुन्हा कधी सुरू होणार हे बातम्यांत येतं, आणि त्यानंतर गाडी तुमच्यापर्यंत पोचायला आणखी काही महिने धरावे लागतात.

प्रश्न : आमची रोपवाटिका आहे. आम्हाला साधी, बिनशोभेची पिकअप हवी होती, तिला आठ महिने सांगतात. पण डीलरकडे सगळ्यात वरचं मॉडेल, फोर बाय फोर, डबल कॅब, मागे टोप, पुढे जाड बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) बसवलेली एक गाडी तयार उभी आहे. छापील किमतीवर वर पैसे मागतो आणि म्हणतो आज घ्या, उद्या नसेल. घ्यावी का? मिस्टर म्हणतात घेऊन टाकू.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली ती पैशांची नाही, वजनाची.

गाडीच्या पाटीवर दोन आकडे असतात : भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्हाला मिळणारा भार. समजा कमाल 3,000 किलो आणि रिकामी 1,900 किलो, तर उरले 1,100. पण त्यात माणसंही मोजायची. दोन माणसं 150 किलो, मागचा टोप 90, बंपर आणि विंच 60 धरा. राहिले 800. त्यात फोर बाय फोरची यंत्रणा आणि मागची दारं-सीट यांच्यामुळे ही गाडी साध्या सिंगल कॅबपेक्षा मुळातच जड, आणि हौदा आखूड. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरते. डबल कॅबचा हौदा साधारण एक घनमीटर धरला तर अर्ध्यावर आला की भार संपला. मागे टोप असेल तर उंच रोपं उभी राहणार नाहीत, आणि वरून माती भरता-उपसता येणार नाही. रोपवाटिकेसाठी ही गाडी चुकीची आहे. ती कितीही स्वस्त मिळाली तरी मी हेच म्हटलं असतं.

टंचाईत कशावर सोडून द्यायचं आणि कशावर अडून बसायचं, हे घरी बसून आधी ठरवा. तिथे शोरूममध्ये चकचकीत गाडीसमोर ते ठरत नाही. रंग, चाकांची नक्षी, पडद्याचा आकार, सीटचं कापड यांवर खुशाल सोडा. भार, हौद्याची लांबी, इंजिन, फाळक्याची उंची यांवर सोडू नका, कारण पुढची दहा वर्षं रोज सकाळी तुमची माणसं त्या फाळक्यावरून कुंड्या उचलणार आहेत. ट्रेलर ओढायचा असेल तर आणखी एक : साध्या ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भाग गाडीच्या मागच्या हुकावर येतो आणि तोही याच भारातून वजा होतो.

वर मागितलेल्या पैशांबद्दल. हा प्रकार एवढा बोकाळला होता की जानेवारी 2022 मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांनी आपापल्या डीलरांना लेखी ताकीद दिली : ठरलेल्या किमतीवर अवाच्या सवा पैसे मागाल तर पुढच्या गाड्यांचं वाटप दुसरीकडे वळवू. म्हणजे कंपनीलाही हे नकोच असतं, आणि तक्रारीचा उपयोग होतो. कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहिताना डीलरने दिलेलं लेखी कोटेशन जोडा. तोंडी मागणीवर कुणी हलत नाही.

वर पैसे देणं कायम वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. गाडी नसल्यामुळे महिन्याला भाड्याच्या टेम्पोवर किती जातात आणि किती काम सोडावं लागतं, ते मांडा. त्याला थांबण्याच्या महिन्यांनी गुणा. हवी ती गाडी, हव्या त्या हौद्याची मिळत असेल आणि वरचे पैसे त्या आकड्यापेक्षा कमी असतील तर तो व्यवहार आहे. पण जबरदस्तीने बसवलेल्या शोभेच्या सामानाचे पैसे त्यात धरू नका. ‘सामान काढून गाडी द्या’ असं म्हणून बघा. अनेकदा देतात. मिस्टरांना हा आकडा दाखवा, वाद आपोआप मिटेल.

प्रश्न : बुक केलेली पिकअप अखेर आली. पण एकच रिमोट चावी देत आहेत, आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय या गाडीत नाही म्हणतात. शिवाय गाडी कुठल्याशा यार्डात बरेच महिने उभी होती असं चालकाकडून कळलं. ताबा घेऊ की नको?

उत्तर : घ्या, पण तपासून आणि लिहून घेऊन.

कमी सोयींच्या गाड्या मोठमोठ्या कंपन्यांनी दिल्या आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये टोयोटाने जपानमध्ये दोन रिमोट चाव्यांऐवजी एक रिमोट आणि एक साधी चावी द्यायला सुरुवात केली. जनरल मोटर्सने 2021 मध्ये काही सिल्व्हराडो आणि सिएरा पिकअप इंधन वाचवणाऱ्या मॉड्यूलशिवाय बांधल्या. मायलेज जरासं घटलं, आणि तो भाग नंतर बसवता येणार नव्हता. त्याच वर्षी सीट गरम करण्याची सोयही काही गाड्यांतून काढली, ती मात्र नंतर बसवून देऊ म्हणाले. फरक इथेच आहे. जी सोय नाही ती नंतर बसणार की कायमची गेली, बसणार असेल तर खर्च कुणाचा, आणि कायमची गेली असेल तर किंमत किती कमी केली, हे ताब्याच्या कागदावर आलं पाहिजे. पुढे गाडी विकताना घेणारा हेच विचारील.

उभ्या गाडीची तपासणी दिवसाउजेडी करा, पावसात किंवा संध्याकाळी ताबा घेऊ नका. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. पाचही टायरचे बघा, स्टेपनीसुद्धा. एकाच जागी उभं राहून टायर चपटे बसलेले असतील तर थोडं चालवल्यावर स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवते. बऱ्याचदा ती गरम झाल्यावर जाते, नाही गेली तर टायर बदलून मागा. बॅटरी महिनोन्महिने उतरून राहिली असेल तर ती चार्ज करून दिलेली चालणार नाही, तिची क्षमता यंत्रावर मोजून घ्या किंवा नवी मागा. ब्रेकच्या चकतीवर पातळ गंज येतो, तो पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. खोल खड्डे पडलेले असतील तर मात्र चकती बदलायला लावा.

बॉनेट उघडून वायरिंग नीट निरखा. मोकळ्या जागेत उभ्या गाड्यांत उंदीर शिरतात आणि कुरतडलेली वायर लगेच त्रास देत नाही, सहा महिन्यांनी देते. हौद्याखाली वाकून स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि चौकटीच्या सांध्यांवर हात फिरवा, गंज लागलाय का बघा. हे सांगितलं तर विक्रेता घड्याळाकडे बघेल. बघू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : वॉरंटी ताब्याच्या तारखेपासून सुरू होते ना, हे लेखी घ्या. यार्डात गेलेले महिने तुमच्या वॉरंटीतून वजा होता कामा नयेत. गाडी उभी असताना कंपनीने काही दुरुस्ती जाहीर केली असेल तर ती चेसिस नंबरावरून कळते. ती करूनच गाडी द्या म्हणा.

प्रश्न : जुन्या गाड्यांना सध्या भाव चांगला आहे. माझी पिकअप आताच विकून पैसे हातात ठेवू आणि नवी येईपर्यंत भाड्याने भागवू का?

उत्तर : नका. भाव चांगला आहे हे खरं. जून 2021 मध्ये अमेरिकेत वापरलेल्या मोटारी-ट्रकचा किंमत निर्देशांक आदल्या वर्षीपेक्षा 45 टक्क्यांनी वर गेला होता. पण भाव वाढला तो गाड्या नाहीत म्हणून, आणि त्याच कारणाने भाड्याच्या गाड्याही महागतात आणि हव्या त्या दिवशी मिळत नाहीत. नवी गाडी डोळ्यांनी दिसेपर्यंत जुनी दारात ठेवा. तिच्या पट्ट्या, होज, क्लच, ब्रेक एकदा करून घ्या. सहा महिने काढायला तेवढं पुरतं. अदलाबदलीची किंमत डीलरकडून आज लिहून घेतली तर ताब्याच्या दिवशी ती कायम राहील का, हेही विचारा. नसेल राहणार तर त्या आकड्याला अर्थ नाही.

प्रश्न : रंगाचा आणि टंचाईचा काही संबंध असतो का? मला काळीच हवी आहे.

उत्तर : असतो. मार्च 2011 मध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा ओनाहामा इथला मर्क कंपनीचा एक कारखाना बंद पडला. रंगाला झळाळी देणारं झिरॅलिक नावाचं चूर्ण तेव्हा फक्त तिथेच बनायचं. फोर्डने आपल्या डीलरांना कळवलं की ट्रकसाठी टक्सिडो ब्लॅक या काळ्या रंगाच्या मागण्या घेऊ नका, काही लाल छटाही थांबवल्या. गाडी तयार होऊ शकत होती, तो काळा रंग नव्हता. मागणी नोंदवताना पहिली पसंती काळी लिहा, खाली दुसरी आणि तिसरीही लिहा. धंद्याच्या गाडीला साधा पांढरा बरा, त्याच्या गाड्या सहसा जास्त बांधल्या जातात.

प्रश्न : ताई, मी एकटी घरपोच सामानाची वाहतूक करते. माझी मागणी दोनदा पुढे ढकलली, आता तिसरी तारीख दिली आहे. कर्जाची मंजुरीही संपत आली. डीलरवरचा विश्वास उडाला आहे. रद्द करू का? रद्द केलं तर पुन्हा रांगेच्या शेवटी जाईन या भीतीने झोप लागत नाही.

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, आणि तुमच्यासारख्या एकेकट्या माणसांचंच या टंचाईत सर्वांत जास्त नुकसान होतं. मोठ्या संस्था एकदम वीस गाड्या मागतात, त्यांचे फोन वरपर्यंत जातात. तुमच्यामागे कुणी नसतं, म्हणून तुमच्या बाजूने कागद बोलायला हवा.

आजच डीलरला एक पत्र द्या, पोच घ्या. त्यात एवढंच विचारा : कंपनीचा ऑर्डर क्रमांक काय, मागणी आता कुठल्या पायरीवर आहे, बांधणीचा आठवडा मिळाला आहे का, चेसिस नंबर मिळाला आहे का. त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा. उत्तरात चेसिस नंबर आला आणि गाडी बनलेली असली, तर काहीही झालं तरी रद्द करू नका. आता वाट आहे ती फक्त वाहतुकीची किंवा एखाद्या भागाची. बांधणीचा आठवडा आहे पण गाडी बनलेली नाही, तर एक महिना थांबा. मागणी अजून डीलरच्या वहीतच आहे असं निघालं, तर तुम्ही रांगेच्या शेवटी जाण्याची भीती बाळगू नका, कारण तुम्ही त्या रांगेत कधी नव्हताच. पैसे परत घ्या आणि ज्याच्याकडे तुम्हाला चालणारी गाडी येण्याच्या वाटेवर आहे असा दुसरा डीलर शोधा. दुसऱ्यांनी रद्द केलेल्या गाड्या अशाच सुटतात. त्यांना रंग-रूपाची अट नसलेलं गिऱ्हाईक लागतं, आणि तुमचं नाव अशा यादीत ठेवा असं स्पष्ट सांगा.

कर्जाचं वेगळं बघा. मंजुरी संपायच्या आधी बँकेला लिहून मुदतवाढ मागा, सोबत डीलरचं विलंबाचं पत्र जोडा. व्याजाचा दर तोच राहणार का, ते विचारून घ्या. आणि गाडी हातात येईपर्यंत हप्ता सुरू होणार नाही, हे मंजुरीपत्रात आहे की नाही ते एकदा शांतपणे वाचा. नसेल तर रक्कम उचलण्याची तारीख ताब्याच्या तारखेशी जोडून मागा. डीलर जे काही उत्तर देईल, ते मला पाठवा. पुढच्या अंकाची वाट न पाहता मी पत्रानेच कळवीन.